ठिपक्याची बैठक

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी कारखान्यातून घरी येताना डब्याच्या पिशवीत मी एक लोखंडाचा तुकडा घेऊन आलो, मालकांना विचारूनच आणला, 60 मिलीमीटर लांब, 25 रुंद, 10 जाड, सहाही बाजू ग्राइंडिंग मारून काटकोनात केलेला. जेवण झाल्यावर तो ओट्यावर ठेवून बघत बसलो. बायकोनं विचारलं हे काय आणलंय. म्हटलं ह्याच्यावर माझा डोळा बसणाराय. पिस्तुलावर नेम धरायची लाल ठिपक्याची साईट, तिची बैठक त्यातनं होणार होती.

मी निपाणीचा. नोकरी बेळगावात उद्यमबागला, टूलरूममध्ये, जिग आणि फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब पक्का धरायची साधनं, करायचं काम, 26 वर्षं झाली. सोमवार ते शनिवार बेळगाव, शनिवारी संध्याकाळच्या बसनं निपाणी. आणि रविवार नेमबाजीचा. घरामागं आजोबांच्या वेळची तंबाखूची वखार आहे, आता तंबाखू नसतोच, पण पाऊस लागला की भिंतींना अजून तो वास सुटतो. त्या वखारीत 10 मीटर मोजून चुन्याची रेघ मारलीय आणि तिथं हवेच्या पिस्तुलावर सराव चालतो. .22 ची, म्हणजे खऱ्या गोळीची, पिस्तूल मात्र फक्त कोल्हापूरला रेंजवर, 25 मीटरला, महिन्यातून दोनदा जमलं तर. लायसन्स कर्नाटकातलं, रेंज महाराष्ट्रातली, म्हणून कोगनोळी नाक्यावरनं जाताना कागद नेहमी वरच्या खिशात.

हे वेड मामांनी लावलं. मामा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, सेंटर बेळगावातच, त्यामुळं रिटायर झाल्यावर इकडंच राहिले. आमच्यात पलटणीचा माणूस नसलेलं घर शोधावं लागेल तशी गत आहे. मामा फौजी हिंदीत शिकवायचे. तिकडं नेम धरण्याला शिस्त घेणं म्हणतात, "पहिलं शिस्त घे, मग बोट हलव," आणि मला लहानपणी कितीतरी दिवस वाटायचं की ते नीट वागायला सांगायलेत. पुढं कळलं की नेमालाच शिस्त म्हणतात, आणि त्याहून पुढं, हातात पिस्तूल आल्यावर कळलं की दोन्ही शब्द एकच आहेत.

आजीला मात्र घरात बंदूक नकोच होती, अगदी छऱ्याची सुद्धा. 1981 साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हायवेवर बसले होते, आणि तिथं पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं गेली. निपाणीत त्या पिढीला गोळीबार हा शब्द टीव्हीवरनं आलेला नाही. आजीनं शेवटी परवानगी दिली ती एका अटीवर, माणसाच्या आकाराचं टार्गेट ह्या घरात येणार नाही, गोल कागद तेवढा आणायचा. आजी जाऊन 14 वर्षं झाली. वखारीत अजून गोल कागदच लागतो, आणि पिस्तूल एका कपाटात न् गोळ्या दुसऱ्या कपाटात, दोन वेगळ्या किल्ल्या.

तर डोळ्याचं. नेमबाजी न करणाऱ्या माणसाला सांगायचं तर उघड्या साईटमध्ये तीन गोष्टी असतात, मागची खाच, पुढचा खांब आणि लांबचं टार्गेट, आणि डोळा एका वेळी एकच नीट दाखवतो. शिकवतात असं की पुढचा खांब लख्ख दिसला पाहिजे, टार्गेट धुरकट राहू दे. हात सरळ केला की तो खांब डोळ्यापासनं पाऊण मीटरच्या आसपास येतो. चाळीशीनंतर नेमकं तेच अंतर हातातनं सुटायला लागतं. मी चष्मेवाल्याकडनं खास नेमबाजीची काच करून घेतली, लांबच्या नंबरात अधिक 0.75 घालून, म्हणजे खांब परत धारदार झाला. दोन वर्षं बरी गेली. मग खांब स्पष्ट आणि टार्गेट म्हणजे धुक्यातला करडा डाग, काळ्या गोलाची कडाच लागेना, आणि नंबर कमी केला की खांब गेला. एका रविवारी 60 गोळ्या मारून झाल्यावर लक्षात आलं की मी नेम धरतच नाहीय, आठवणीनं मारतोय.

रेड डॉटचं, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साईटचं, नाव मी तोवर काढलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. आयएसएसएफच्या, म्हणजे जागतिक नेमबाजी संघटनेच्या, नियमात पिस्तुलाला फक्त उघडी साईट चालते, भिंग नाही, ठिपका नाही, लेसर नाही. आम्ही इकडची माणसं त्याच नियमांवर वाढलो. 40 किलोमीटरवरच्या कोल्हापूरनं काय काय दिलंय बघा, 2010 ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत रायफलमध्ये विश्वविजेती, 2018 च्या एशियाडला राही सरनोबतचं 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण, आणि 2024 ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं ऑलिंपिक ब्राँझ. राहीचं ते सुवर्ण उघड्या साईटवरचं, एका हातानं. त्यामुळं ठिपका लावणं म्हणजे मला खेळातनं बाहेर पडण्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर स्पर्धेपुरतं ते तसंच आहे. अमेरिकेत बुल्सआय म्हणून एक प्रकार आहे, एका हातानं, 50 आणि 25 यार्डाला, तिथं रेड डॉट सर्रास चालतो. आपल्याकडं ज्या मॅचेस मी खेळायचो त्यात चालत नाही. म्हणजे मला ठरवायचं होतं ते एवढंच की मॅच सोडायची का नेम सोडायचा. मी मॅच सोडली. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

ठिपका म्हणजे काय हे समजून घेतलं तेव्हा मात्र मन लागलं. पुष्कळांना तो लेसर वाटतो, टार्गेटवर जाऊन पडणारा. तसं काही नाही, पुढं काहीच जात नाही. एक बारीक एलईडी, समोर वक्र काच, ती काच तेवढा लाल रंग डोळ्याकडं परत फिरवते, आणि किरण समांतर होऊन येतात म्हणून डोळ्याला ठिपका फार लांबवर असल्यासारखा दिसतो. म्हणजे डोळ्यानं टार्गेट बघायचं, ठिपका तिथंच सापडतो, पाऊण मीटरवर झगडायला काही उरत नाही. कल्पना जुनी आहे, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबनं, दुर्बिणी बनवणारा माणूस, 1900 साली तिचं पेटंट घेतलं. बॅटरीवरचा लाल ठिपका स्वीडनच्या एमपॉइंटनं 1975 ला आणला. चाळिशी पार केलेल्या नेमबाजासाठी ह्याच्याइतकं दयाळू यंत्र दुसरं नसेल.

साईट कुठली घ्यायची हे तसं लवकर ठरलं. ठिपक्याचा आकार एमओए मध्ये सांगतात, एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, 25 मीटरला साधारण 7.3 मिलीमीटर. 3 एमओएचा ठिपका तिथं 22 मिलीमीटर झाकतो, 6 चा 44. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलीमीटरचं, म्हणजे 6 चा घेतला तर जवळजवळ अख्खं दहा त्याच्याखाली. मी 3 चा घेतला. उघडा, म्हणजे एलईडी बंद डब्यात नसलेला, छोटा, 30 ग्रॅमच्या आसपासचा, आणि बॅटरी वरनं बदलता येणारा, कारण बॅटरी खालनं असली की दर वेळी साईट उतरवायची आणि झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवणं, परत करायचा. घेण्याआधी रेंजवर दुसऱ्यांच्या साईटमधनं बघून घेतलं, तेव्हा मला ठिपका गोल दिसेना, स्वल्पविरामासारखा दिसायचा. साईटला दोष द्यायच्या आधी मोबाईलनं फोटो काढला, फोटोत ठिपका गोल. म्हणजे दोष माझ्या डोळ्यातला, अस्टिग्मॅटिझम. उजेड दोन पायऱ्या कमी केला की शेपटी बरीच जाते.

पण बसवायची कुठं, ह्यात माझे आठ महिने गेले, आणि मला जे सांगायचंय ते इथंच आहे.

सगळे साईटची चर्चा करतात, काच कुठली, बॅटरी किती चालते. बैठकीबद्दल, म्हणजे साईट पिस्तुलावर ज्याच्यावर बसते त्याबद्दल, कुणी बोलत नाही. आमच्या टूलरूममध्ये मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हाचे मिस्त्री, बैलहोंगलकडचे, घरात कन्नड आणि आमच्याशी त्यांचं ते वेगळंच गोड मराठी, पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एक फिक्स्चर उघडायला लावलं आणि विचारलं जॉब जागेवर कोण धरतंय सांग. मी म्हटलं हे चार बोल्ट. ते म्हणाले, "नाही रे तम्मा. बोल्ट नुसता दाबतंय. जागा डॉवेल सांगतंय." डॉवेल म्हणजे भोकात घट्ट बसणारी खुंटी. जागा सांगायचं काम एकाचं, दाबून धरायचं दुसऱ्याचं, आणि दोन्ही कामं एकट्या स्क्रूवर टाकली की तो आज ना उद्या सरकणार. 26 वर्षं ह्याच एका वाक्यावर माझं पोट चाललंय आणि पिस्तुलाच्या वेळी मी ते विसरलो, ते येतंच पुढं.

पिस्तुलावर ठिपका बसवायला मोजक्याच जागा आहेत. पहिली स्लाईडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या, दर गोळीला मागंपुढं होणाऱ्या भागावर. सध्या सगळीकडं हीच पद्धत दिसते, स्लाईडवर वरनं खाच मिल करायची आणि साईट खाली रुतवायची. बुटकी बसते, हाताला सवयीची उंची राहते, आणि मोठ्या बोअरच्या पिस्तुलात एक फायदा असा की नळी दर वेळी स्लाईडमध्येच येऊन लॉक होते, म्हणून साईट आणि नळीचं नातं टिकतं. पण साईट प्रत्येक गोळीला मागंपुढं आपटत राहते. आणि .22 मध्ये गोळीची ताकदच थोडी, त्या ताकदीवर स्लाईड मागं जाऊन रिकामी पुंगळी बाहेर टाकते, वर 30 ग्रॅम आणखी लादले की कधी कधी पुंगळी अडकते.

दुसरी जागा फ्रेमवर, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर, बाजूनं ब्रॅकेट उभा करून साईट स्लाईडच्या वर अधांतरी धरायची, स्लाईड खालनं ये-जा करते आणि साईट जागची हलत नाही. आयपीएससी म्हणून पळत-फिरत मारायचा प्रकार आहे, त्यातल्या ओपन गटवाल्यांची हीच तऱ्हा. साईटला सुख, पण ज्या पिस्तुलात नळी फ्रेमवर हलते तिथं साईट फ्रेमचं ऐकते आणि गोळी नळीचं, दोघांत जेवढा खेळ तेवढी चूक.

तिसरी, आणि टार्गेट पिस्तुलांचं भाग्य हेच की त्यांना ही जागा मिळते, ती नळीवर किंवा नळीला पक्क्या असलेल्या भागावर. रूगरच्या मार्क मालिकेत नळी आणि तिच्या मागचा रिसीव्हर एकजीव असतात, गोळीमागचा बोल्ट आतल्या आत मागंपुढं होतो, वरचा भाग स्थिर. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 41 ला मागची साईट स्लाईडवर नाहीच, नळीच्याच पट्टीला मागं लांबवून तिच्यावर बसवलीय. साईट हलत पण नाही आणि नळीला सोडत पण नाही. माझी पिस्तूल ह्याच जातीतली, जुनी, नळी पक्की, वर रिब, म्हणजे नळीवरचा लांब सपाट उंचवटा, आणि रिबवर मागची साईट, एका आडव्या खाचेत आणि दोन स्क्रूंवर.

आता मी टूलरूमचा माणूस, समोर व्हीएमसी, कॉम्प्युटरवरचं मिलिंग मशीन, उभं, रिबवर चार भोकं पाडून आटे मारायला मला 20 मिनिटं पुष्कळ. आणि तेच करायचं नव्हतं. एक तर कायदा, हत्याराच्या अंगावर काम करायला आर्म्स अॅक्टखाली लायसन्सवाला गनस्मिथ लागतो, माझ्याकडं पिस्तूल बाळगायचा परवाना आहे, कापायचा नाही. आणि कायदा नसता तरी मी पाडली नसती बहुतेक. पाडलेलं भोक परत भरत नाही. उद्या भाची ही पिस्तूल चालवेल, तिला उघडी साईट लागेल, तिच्यासाठी ती जशी आली तशी राहिली पाहिजे.

म्हणून भोक न पाडता काय होतं ते बघायला लागलो आणि तिथंच चुकलो. बाजारात एक तयार ब्रॅकेट मिळाला, ग्रिपची डावी फळी काढायची आणि तिच्या जागी तो लावायचा, वर वळसा घालून रिबच्या डोक्यावर रेल. दिसायला सुबक. रेल पिकॅटिनी, म्हणजे ठरलेल्या मापाच्या खाचांची, खाच 5.23 मिलीमीटरची आणि खाचेपासनं खाच 10.01 वर, मी व्हर्निअरनं मोजून बघितली, बरोबर होती, आणि त्या समाधानात खालचं बघायचंच राहिलं. जूनमध्ये लावला. पहिल्या 30 गोळ्या सुंदर, मग ग्रुप, म्हणजे भोकांचा झुबका, डावीकडं सरकायला लागला, मी ठिपका फिरवून आणला, पुढच्या खेपेला उजवीकडं. दीड महिना मी स्वतःचं बोट, श्वास, चष्मा, गोळ्यांचा लॉट सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी एका रविवारी रिकामी पिस्तूल, मॅगझिन काढून, चेंबर दोनदा बघून, व्ही ब्लॉकमध्ये धरली, साईटला डायल, म्हणजे केसभर हललेलं मोजायचं घड्याळ, लावला आणि अंगठ्यानं नुसतं दाबलं. काटा 0.08 मिलीमीटर गेला. सोडल्यावर 0.03 वर येऊन थांबला, शून्यावर आलाच नाही. ग्रिपच्या दोन स्क्रूंवर अख्खा ब्रॅकेट लटकत होता, जागा सांगणारं काहीच नव्हतं, नुसते दाबणारे. मिस्त्री आता नाहीत. त्या दिवशी वखारीत त्यांची फार आठवण आली.

हिशोब मग कागदावर मांडला. साईटची बैठक 40 मिलीमीटर लांब धरा. तिचं एक टोक नुसतं 0.1 नं उचललं, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढं, तर 25 मीटरवर गोळी 62 मिलीमीटर सरकते. दहाचं वर्तुळ 50 चं. कागदाच्या जाडीत दहा पण गेलं आणि नऊ पण गेलं. 0.02 नं उचललं तर साडेबारा मिलीमीटर, हे सहन होतं. म्हणजे मला बैठक 0.02 च्या आत हवी होती, आणि नुसती आज नाही, 500 गोळ्यांनंतर, पावसाळ्यानंतर, उन्हाळ्यात सुद्धा तेवढीच. हे मला येतं. रोज तेच करतो मी.

तर तो ओट्यावरचा लोखंडाचा तुकडा. ठरवलं असं की मागची साईट काढायची आणि तिच्याच खाचेत, तिच्याच दोन स्क्रूंवर एक पट्टी बसवायची, पिस्तुलावर कानस सुद्धा लावायची नाही, घासायची ती पट्टी. पट्टीच्या खाली एक जीभ, ती रिबच्या आडव्या खाचेत घट्ट बसते, गोळीचा धक्का ती घेते. पट्टीच्या वर दोन बारीक खुंट्या, साईटच्या बुडातल्या भोकांत जाणाऱ्या, साईटची जागा त्या सांगतात. स्क्रू फक्त दाबायला. अॅल्युमिनियमची केली असती तर हलकी झाली असती, पण एम 3 चे आटे अॅल्युमिनियममध्ये पाच वेळा उघडझाप केली की झिजतात, म्हणून लोखंड. शेवटी पट्टी 42 लांब, साडेचार जाड, वजन 30 ग्रॅमच्या जरा वर.

मशिनिंग एका संध्याकाळचं. बसवायला मात्र तीन रविवार गेले, आणि त्या तीन रविवारांइतकं समाधान मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. ब्ल्यू माहीत असेल कुणाला, निळी पेस्ट, आमच्यात मॅचिंग बघायला लावतात. रिबला पुसटसा हात मारायचा, पट्टी ठेवायची, दाबायची, उचलून बघायचं निळं कुठं लागलंय. पहिल्यांदा फक्त दोन कोपऱ्यांना लागलं, म्हणजे पट्टी तिरकी दोन पायांवर उभी. डोळ्याला दोन्ही पृष्ठभाग सपाट, निळ्याला नाही. मग स्क्रेपरनं ते दोन कोपरे उतरवायचे, केसभर, परत ब्ल्यू, परत बघायचं, आता तीन ठिकाणी, परत. बाहेर पाऊस, पत्र्यावर एकसारखा आवाज, आणि भाची दहावीचा अभ्यास घेऊन तिथंच पोत्यावर बसलेली. तिसऱ्या रविवारी दुपारी पट्टीच्या खाली सगळीकडं निळे ठिपके आले, तांदूळ सांडल्यासारखे, आणि 0.02 चा फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, कुठल्याच बाजूनं आत जाईना.

उंचीबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण ह्यात गैरसमज फार. लोक म्हणतात साईट उंच झाली की पिस्तूल जरा कलली तरी गोळी लांब जाते. मी आकडे मांडून बघितले, ज्या अंतराला झिरो केलंय तिथं कलण्याची चूक उंचीवर अवलंबून नाहीय, गोळी वाटेत किती पडते त्यावर आहे, आणि 25 मीटरला ती पडते चारेक सेंटीमीटर, म्हणून चूक किरकोळ. उंचीचा त्रास दुसराच. 25 मीटरला झिरो केलं आणि 10 मीटरला मारलं तर साईट नळीपासनं 40 मिलीमीटर वर असताना गोळी सव्वा-दीड सेंटीमीटर खाली लागते, 20 वर असेल तर जवळजवळ जागेवरच. आणि मोठा त्रास मनगटाचा. 20 वर्षं हात एका उंचीवर थांबायला शिकलाय, त्या ब्रॅकेटवर साईट एवढी वर होती की हात उचलला की काचेत ठिपकाच नसायचा, मनगट वर-खाली करून शोधावा लागायचा. पट्टीवर साईट बुटकी बसली आणि पहिल्याच उचलीला ठिपका काचेच्या खालच्या अर्ध्यात दिसला. डोळे मिटून हात उचलायचा, मग उघडायचे, ठिपका काचेत असला पाहिजे, बैठक बरोबर आहे का हे बघायची माझ्या दृष्टीनं हीच परीक्षा.

लावताना सगळं अॅसिटोननं पुसून, स्क्रूला सैल होऊ न देणारं निळं लॉकटाइट 243 एक थेंब, ठरलेल्या जोरानं आवळणारा टॉर्क ड्रायव्हर कारखान्यातनं मागून आणला, कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं तेवढाच, 1.2 न्यूटन-मीटर, हाताच्या अंदाजानं नाही. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी भाचीनं तिच्या गुलाबी नेलपॉलिशनं स्क्रूच्या डोक्यावरनं साईटवर आणि साईटवरनं पट्टीवर एक बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसणार.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी कोल्हापूर. टेकून पाच गोळ्या, खाली डावीकडं, पण पाची एकत्र, एका रुपयाएवढ्या. दोन क्लिक वर, तीन उजवीकडं, एक क्लिक म्हणजे एक एमओए, म्हणजे तिथं 7 मिलीमीटर. परत पाच. मग उभं राहून, एका हातानं.

आणि इथं मला ठिपक्याचं खरं रूप दिसलं. उघड्या साईटमध्ये हात थरथरतो तेव्हा खांब, खाच, गोल सगळंच थोडं थोडं हलतं, नजर खांबावर असते म्हणून टार्गेटचं हलणं तेवढं टोचत नाही. ठिपका काहीच झाकून ठेवत नाही. काळ्या गोलात तो आठ काढत फिरत होता, एखादी माशी फिरावी तसा, आणि मला वाटलं माझा हात एवढा गेला? हात तेवढाच होता, आधीही तेवढाच हलत असणार, दिसत नव्हता. मग जे सगळ्यांचं होतं तेच माझं झालं, ठिपका दहावरनं जाताना त्याला पकडायला बोट झटक्यानं ओढायचं, आणि सात. परत पकडायचं, आणि सहा. दुपारपर्यंत मी एवढा दमलो की खुर्चीवर बसून नुसतं पाणी प्यायलो. मामांना फोन लावला. मामा आता 78 वर्षांचे, त्यांनी आयुष्यात रेड डॉट हातात घेतलेला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फिरतंय तर फिरू दे की. तू कशाला त्याच्या मागं पळालास? तू आपलं बोट बघ."

दुपारनंतर फिरू दिलं. ठिपका काळ्यात आहे ना, बास, बोट आपलं सरळ मागं, सावकाश, गोळी कधी सुटेल ते आपल्याला कळता कामा नये. शेवटच्या दहात 91 आले. 91 म्हणजे फार काही नाही, पण तीन वर्षांत पहिल्यांदा मला प्रत्येक गोळीच्या वेळी माहीत होतं की ठिपका कुठं होता, आणि कागदावर भोक तिथंच होतं. जिथं बघितलं तिथं लागलं. हे इतकं साधं सुख मी विसरून गेलो होतो.

येताना कागलच्या पुढं पाऊस लागला. उघड्या एलईडीच्या ठिपक्याला तेवढा एक तोटा आहे, एलईडीच्या तोंडावर पाण्याचा थेंब बसला की ठिपका फुटतो किंवा नाहीसाच होतो, बंद डब्याच्या साईटमध्ये ते होत नाही. म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि घरी गेल्या गेल्या मऊ कापड.

आता जून परत आलाय. त्या पट्टीवर हजाराच्या वर गोळ्या झाल्या असतील. मधे एकदाच, एप्रिलच्या उन्हात, झिरो एक क्लिक हललं असं वाटलं, पुढच्या खेपेला ते परत जागेवर होतं, तो बहुतेक मीच होतो. काढलेली जुनी साईट तिच्या स्क्रूंसकट तेलाच्या कापडात गुंडाळून आजोबांच्या तंबाखूच्या पितळी डबीत ठेवलीय, डबीवर चिठ्ठी, कुठला स्क्रू पुढचा आणि कुठला मागचा. भाचीची दहावी झाली, सुट्टीत ती वखारीत रोज येते, हवेच्या पिस्तुलावर, उघड्या साईटवर. तिला पुढचा खांब इतका स्वच्छ दिसतो की ती मला त्याच्या कडेवरचा ओरखडा सांगते, मला तो भिंग घेऊन बघावा लागला. काल तिनं ठिपक्यातनं बघायला मागितलं. पिस्तूल रिकामी करून, दोघांनी दोनदा बघून, तिच्या हातात दिली. तिनं हात उचलला, बराच वेळ धरून ठेवला, आणि म्हणाली, "मामा, हे लई हलतंय की."

म्हटलं हलू दे. मग तिनं पिस्तूल खाली ठेवली आणि वाकून आधी तिची गुलाबी रेघ बघितली.